बुजवलेल्या तळ्याकाठची जमीन आणि भूकंप क्षेत्र तीन: विकास आराखड्यात मातीचा विचार कसा व्हावा?

जुनीपेठ: आमच्या पेठेत एका वाड्याच्या जागी चार मजली इमारत व्हायची आहे. शेजारी पूर्वी तळे होते, असे घरची वडीलधारी माणसे सांगत. आर्किटेक्टच्या मते, भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कोल्हापूर भूकंप क्षेत्र तीनमध्ये (मध्यम धोका) मोडते आणि तेवढा हिशोब धरला की भागते. परंतु टेंबलाईचा खडकाळ माळ आणि पंचगंगेकाठची काळी माती यांना एकच माप लावणे मला पटत नाही. नगररचनेत हा फरक कसा आणता येईल?

मुरूम_कातळ: आपली शंका रास्त आहे. क्षेत्राचा क्रमांक सगळ्या शहरासाठी एकच असतो; हादरा आपल्या पायापर्यंत कोणत्या थरातून येतो, हे त्यात येत नाही. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपात शहराचा जो भाग जुन्या सरोवराच्या गाळावर वसला होता, तोच प्रामुख्याने कोसळला. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि आपल्याकडेही कपिलतीर्थ, वरुणतीर्थ अशी तळी बुजवूनच बाजार आणि मैदाने झाली.

मऊ थराचा स्वतःचा हेलकाव्याचा काळ (एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) असतो: जाडीची चौपट भागिले कातरतरंगाचा, म्हणजे जमिनीला आडवे हलवणाऱ्या भूकंपलहरीचा, वेग. समजा, पंधरा मीटर मऊ माती आहे आणि वेग सेकंदाला १५० मीटर आहे, तर हा काळ ०.४ सेकंद येतो. चार मजली इमारतीचा हेलकाव्याचा काळही साधारण तेवढाच असतो, त्यामुळे दोघांचे हेलकावे जुळण्याचा धोका राहतो. गंमत अशी की, ०.४ सेकंदापर्यंत इमारतीवर किती जोर धरावा हे सांगणारा मानकाचा आलेख खडक, मध्यम आणि मऊ अशा तिन्ही जमिनींना २.५ हाच गुणक देतो. एका हेलकाव्याला एक सेकंद घेणाऱ्या उंच इमारतीला मात्र मऊ जमिनीवर खडकाच्या १.६७ पट जोर धरावा लागतो. म्हणजे पेठेतल्या बुटक्या इमारतींना नुसत्या मानकावरून हा फरक दिसणारच नाही. दिल्ली, गुवाहाटी, जबलपूर येथे सूक्ष्म विभागणीचे, म्हणजे शहरातल्या जमिनीनुसार भूकंपाचा धोका दाखवणारे, नकाशे झाले, ते याचसाठी.

साइटवरचा: नकाशांचे महत्त्व मान्य करूनही मी एवढेच म्हणेन की, १९९३ मध्ये किल्लारीत माणसे प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली गेली; सगळे खापर मातीवर फोडून चालणार नाही. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भरगच्च भिंती अशी इमारत कातळावरही धोक्याचीच. आता माझा अनुभव. एका बुजवलेल्या तळ्याच्या कडेला माती तपासण्यासाठी बोअर घेतला, तेव्हा वरच्या नमुन्यात कौलांचे तुकडे आणि राख निघाली. त्याखालच्या चिकट काळ्या मातीत साडेत्रेसष्ट किलोच्या हातोड्याच्या चार ठोक्यांतच नमुन्याची नळी तीस सेंटीमीटर उतरली; वीस मीटरवरच्या दुसऱ्या बोअरमध्ये मात्र दोन मीटरवरच मुरूम लागला आणि पन्नास ठोके देऊनही ती हलेना. मालकाने खर्च वाचवण्यासाठी एकच बोअर घेण्याचा आग्रह धरला होता.

मुरूम_कातळ: पार्किंगच्या मुद्द्याशी सहमत. नगररचनेसाठी या बोअरच्या नोंदी हाच स्वस्त मार्ग आहे. माती परीक्षणाचे अहवाल परवानगीच्या फायलींत पडून असतील, तर ते जुन्या तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या नकाशावर मांडावेत आणि जिथे मऊ थर जाड दिसेल, तिथे कातरतरंगांचा वेग मोजून घ्यावा. अशा पट्ट्यांत उंची सरसकट रोखण्याऐवजी त्या जागेचा स्वतंत्र प्रतिसाद-आलेख (तिथला हादरा इमारतीवर किती जोर लावेल ते दाखवणारा) मागणे मला अधिक योग्य वाटते. काळी माती फुगते-आकसते, तो प्रश्न वेगळा. पाया खोल नेल्याने तो बराच सुटतो, हादऱ्याचा सुटेलच असे नाही.

जुनीपेठ: सर्वांचे आभार. आमच्या अहवालात एकच बोअर आहे आणि तोही रस्त्याच्या बाजूला, हे आज पाहिले. दुसरा तळ्याच्या बाजूने घ्यावा, असे आर्किटेक्टना लेखी कळवले आहे.