सर्व्हरची वॉरंटी संपतेय: नवे घ्यावेत की क्लाउडवर जावं?

प्रश्न
संस्थेत १४० माणसं, ६ सर्व्हर, १२ टीबी डेटा. वॉरंटी तीन महिन्यांत संपतेय. संचालक म्हणतात, सगळेच क्लाउडवर (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर) चाललेत, आपणही जाऊ. विक्रेत्याच्या पाच वर्षांच्या तक्त्यात क्लाउडच स्वस्त दिसतो. आयटीत आम्ही दोघंच आहोत आणि टिपणी मला लिहायचीय. सुरुवात कुठून करू?

उत्तर १
मी हे दोनदा केलंय, पहिल्यांदा चुकलो. आम्हीही तक्त्यावरच विसंबलो. जुन्या सर्व्हरच्याच आकाराचे व्हर्च्युअल सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतले आणि रात्रंदिवस चालू ठेवले. प्रोसेसरचा वापर १० टक्क्यांच्या आसपास, बिल मात्र पूर्ण क्षमतेचं. पहिलं बिल पाहून माझी झोप उडाली होती.

म्हणून आधी महिनाभर प्रत्येक सर्व्हरचा वापर मोजा. गर्दी कमी-जास्त होत असेल तिथे क्लाउड खरोखर उपयोगी पडतो. वर्षभर एकाच लयीत चालणाऱ्या कामाला स्वतःचं यंत्र अनेकदा परवडतं. फाइली ऑनलाइन साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने ग्राहकांच्या बहुतेक फाइली ॲमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या आणि २०१६ मध्ये तसं जाहीर केलं. तेव्हा निर्णय संस्थेचा एकदम घेऊ नका, एकेका प्रणालीचा घ्या. ई-मेल बिनधास्त हलवा, दोघांच्या चमूने तो सांभाळण्यात अर्थ नाही.

आणि बाहेर पडायची वाट आत शिरण्याआधी बघा. डेटा आत न्यायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला बऱ्याचदा पडतात. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) इंटरनेट लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी १२ टीबीला ११ दिवस लागतील.

उत्तर २
करारही नीट वाचा. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्याहून जास्त बंद पडलं तर भरपाई बहुधा पुढच्या बिलातल्या सवलतीपुरतीच असते, बुडालेल्या कामाची नाही. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी हवाच. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला.

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनी
मोजमाप चालू आहे. चार सर्व्हर १२ टक्क्यांच्या वर गेलेच नाहीत. हिशोबाचा सर्व्हर मात्र महिनाअखेरीस ८५ ला टेकतो. संचालकांना आलेख दाखवला, आणि त्यांनी विक्रेत्याची बैठक महिनाभर पुढे ढकलली.