उत्तर: ‘तुमच्यामुळे आमच्यावर ही वेळ’

मंडळी, नमस्कार.
शुक्रवारी आमच्या टीममधल्या अकरा जणांना काढलं, त्यात मीही. एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहे, ६० दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. सामान भरताना शेजारच्या टेबलवरचा, त्याचीही गेलेली, म्हणाला, ‘तुम्ही स्वस्तात येता, म्हणून आमच्यावर ही वेळ.’ आठ वर्षं एकत्र जेवलेला माणूस. मला बोलताच आलं नाही.
– न्यू जर्सीहून

पोरी,
मेल दोनदा वाचला. मी सध्या नाशिकलाच आहे.
फेब्रुवारी २००८मध्ये सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात फोरमन होतो. परप्रांतीयांविरुद्ध वातावरण तापलं आणि यूपी-बिहारचे कामगार जीव मुठीत धरून नाशिकरोड स्टेशनवर लोटले. आमच्या लेथवरचा पोरगा राहिलेला पगार मागायलाही थांबला नाही. त्याचा डबा महिनाभर खुंटीला तसाच होता. आपल्या पोरांना वाटलं, आता जागा आपल्याला. मिळाल्या की! पण त्याच ठेकेदाराकडे, त्याच रोजावर. परमनंट एकही झाला नाही. डबा मी शेवटी घरी नेला, अजून आहे.
त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ही मोठी बँक बुडाली. बँका सावरायला तिकडच्या सरकारने ७०० अब्ज डॉलर मंजूर केले, आणि घरं गेली ती साध्या माणसांची. २०११मध्ये लोक वॉल स्ट्रीटजवळ तंबू ठोकून बसले ते उगाच नाही. तुझ्या त्या मित्राचा रागही खोटा नाही, फक्त तुझ्यावर निघाला. व्हिसाचा अर्ज कंपनीचा, म्हणून पगारवाढ मागताना तुझी जीभ अडते. स्वस्त तू नाहीस, तुला दाबून ठेवलंय. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावली, तरी अर्ज कंपनीचाच राहिला.
त्याला फोन कर. आधी त्याचं ऐकून घे.
– काका

काका,
काल केला. पहिली पाच मिनिटं दोघंही अवघडलो होतो. मग त्याने घराच्या हप्त्याचं सांगितलं, मी ६० दिवसांचं. त्याला ते माहीतच नव्हतं. ‘आठ वर्षांनंतरही?’ असं तीनदा विचारलं.
मंडळी, सोबत दोन रेझ्युमे जोडते आहे. एक माझा, एक त्याचा. कुणाच्या ऑफिसात जागा असेल तर दोन्ही पुढे पाठवा.