जुनं स्टेशन पाडायचं की वापरायचं?

खानापूरकर: मिरज-लोंढा रेल्वेलाईनच्या दुहेरीकरणात आमच्या लहान स्टेशनाला नवी इमारत मिळाली. जुनी शेजारीच कुलूप लावून पडलीय. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं इथं मीटरगेज आणलं, त्या वळणाचं बांधकाम: जांभ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं. तिकीट-खिडकीची फळी हात घासून घासून मधोमध खोलगट झालीय. तिथं अभ्यासिका करावी. स्पर्धा परीक्षेची पोरं सध्या देवळाच्या मंडपात बसतात.

डाऊन पॅसेंजर: पाडा की ओ! वाशांना वाळवी लागलीय. जागा रेल्वेची, परवानगी हुबळीच्या रेल्वे ऑफिसची, पंचायतीला गटार उपसायला जमेना. पाडून पार्किंग करा, बाजारादिवशी तरी रस्ता मोकळा राहील.

टिळकवाडीवाला: हुबळीचंच बघा की मग. स्टेशनाजवळच्या ‘मलप्रभा’ आणि ‘घटप्रभा’ या रेल्वेच्या जुन्या घरांत 2020 मध्ये म्युझियम झालं. म्हणजे मनात आलं तर परवानगी मिळते.

डाऊन पॅसेंजर: ते शहर. आमच्यात तिकीट काढून कंदील बघायला कोण येतंय?

खानापूरकर: म्युझियम कोण म्हणालं? टेबल, खुर्च्या, पंखे, बस्स.

पॉइंट्समनचा मुलगा: वडील वेताच्या रिंगीत टोकन, म्हणजे पुढच्या लाईनीवर जायची परवानगी, अडकवून चालत्या इंजिनाकडं धरायचे. ड्रायव्हर हात घालून ओढून घ्यायचा. त्या इमारतीवर माझा जीव आहे, पण पावसाळ्यात छपराखाली बादल्या मांडलेल्याही बघितल्यात. नुसत्या फोटोंसाठी राखणार असाल तर पाडलेली बरी. वापरणार असाल तर आधी कौलं उतरवून वासे बदला, रंगरंगोटी शेवटी.

टिळकवाडीवाला: हेच म्हणतो. 1924 च्या बेळगाव काँग्रेसला, गांधीजी अध्यक्ष होते तेव्हा, मंडपाजवळ तात्पुरतं स्टेशन उभारलं होतं. ते गेलं. त्याच वेळी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. कामाची होती म्हणून राहिली.

डाऊन पॅसेंजर: विहिरीवरनं गाड्या जात नव्हत्या! आता लाईन दुहेरी झाली. पोरं कानात इयरफोन घालून रूळ ओलांडणार. काही झालं तर जबाबदार कोण?

खानापूरकर: हा मुद्दा खरा. प्लॅटफॉर्मकडचं दार भिंत घालून बंद करायचं, येणं-जाणं फक्त रस्त्याकडनं. अर्जात तसा नकाशाच जोडू.

डाऊन पॅसेंजर: जोडा. आणि लाईटबिल कुणाच्या नावावर, तेही लिहा. मराठी पेपर येणार का कन्नड, यावर तुम्ही वर्षभर भांडाल, तोवर मीटर काढून नेतील.

पॉइंट्समनचा मुलगा: दोन्ही घ्या. कौलांचं आधी बघा, मिरगाच्या आत.