पळून थांबलं की छाती आवळते, स्टॅमिना कमी की दमा?

पुनश्च_हरिओम
खूप मोठ्या गॅपनंतर परत व्यायाम चालू केलाय. लहानपणी दमा होता, नंतर कधी त्रास झाला नाही म्हणून विसरूनच गेले होते. चालताना काही होत नाही पण जॉगिंग केलं की छाती आवळते, आणि पळताना कमी, थांबल्यावरच जास्त, मग खोकला सुरू झाला की अर्धा तास थांबत नाही. घरचे म्हणतात स्टॅमिना गेलाय, येईल हळूहळू. डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचा पंप (श्वासनळ्या उघडणारा इनहेलर) दिलाय, लागेल तसा घ्या म्हणे. म्हणजे नक्की कधी? आणि पंप मारून पळायचं म्हणजे चीटिंग वाटतं.

धापाधाप
थांबल्यावर वाढतंय ना, मग दम्याचा संशय घ्यायलाच हवा. नुसता स्टॅमिना कमी असेल तर थांबल्यावर थोड्या वेळात श्वास जागेवर येतो. यात उलट, थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत त्रास सगळ्यात जास्त आणि मग तासाभरात आपोआप उतरतो. जोरात पळताना तोंडाने भराभर श्वास घेतो आपण, कोरडी हवा सरळ आत जाते, श्वासनळ्या सुकतात आणि आकसतात. म्हणून थंडीत जास्त होतं, तेव्हा नाकातोंडावर रुमाल बांधा. पंप साधारण १५ मिनिटं आधी घ्यायचा, दोनचार तास पुरतो. आणि चीटिंग कसलं हो, डोपिंगच्या नियमांतसुद्धा ठरावीक डोसपर्यंत चालतो तो!

सावकाश_गडी
वॉर्मअप करता का? नुसतं हातपाय ताणणं नाही, १०-१५ मिनिटं मधेमधे थोडं जोरात पळायचं, परत हळू, परत जोरात. बऱ्याच जणांना त्यानंतर तासदोन तास त्रास कमी होतो. सगळ्यांना नाही होत पण फुकटचा उपाय आहे, करून बघा. थांबतानाही एकदम थांबू नका.

कडूगोळी
वरचं सगळं बरोबर पण एक राहिलं. रोज पळायच्या आधी पंप लागत असेल तर दमा कंट्रोलमध्ये नाहीये असं समजा. साल्ब्युटामॉल नळ्या उघडतं, आतली सूज तशीच राहते, शिवाय रोज घेऊन घेऊन त्याचा परिणामही कमी होत जातो. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमाच्या गाईडलाइनमध्ये तर २०१९ पासून नुसत्या या पंपावर राहू नका असंच आहे, सोबत सूज कमी करणारा स्टेरॉइडचा इनहेलर हवा. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात पण डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, फक्त नंतर चूळ भरायची. पूर्ण फरक पडायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. डॉक्टरांना स्पायरोमेट्रीचं (नळीत जोरात फुंकून फुप्फुसं तपासतात ती टेस्ट) विचारा. आणि पंप घेऊनही उतरत नसेल, सलग वाक्य बोलता येत नसेल तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

पुनश्च_हरिओम
स्पायरोमेट्री कोणी सुचवलीच नव्हती, विचारते. तोपर्यंत जॉगिंग बंद करू का? पोहणं चालेल?

कडूगोळी
जॉगिंग थोडे दिवस राहू द्या, चालणं चालू ठेवा. पोहताना हवा दमट असते म्हणून बऱ्याच जणांना सोसतं, पण काहींना क्लोरीनच्या वासानेच खोकला येतो. पंप पिशवीत नको, काठावर हाताशी ठेवा.