विषय: हद्दवाढ की वाढीव सभासद?

प्रेषक: पाचगावकर (सध्या मुक्काम कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.

आपल्या नेदरलँड्सच्या मंडळाच्या पुढच्या गप्पांना सचिवकाकांनी 'युक्रेनला युरोपीय संघात घ्यावं का' हा विषय ठेवलाय, तो मेल मी इथं चहाच्या गाड्यावर वाचला आणि हसू आवरेना. सकाळपासून गाड्यावर तेच चाललंय, फक्त युक्रेनच्या जागी आमचं पाचगाव, आणि युरोपच्या जागी शेजारचं कोल्हापूर शहर. कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ साली. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी हद्द तीच. शहर म्हणतं आत या, भोवतालची गावं म्हणतात नको. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं विकास प्राधिकरण आलं, तरी वाद मिटला नाही. शहरवाले म्हणतात, सोयी आमच्या वापरता मग आत का येत नाही? गाववाले म्हणतात, घरफाळा वाढणार, ग्रामपंचायत जाणार, मग गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाच्या दारात?

तर माझं मत असं की युरोपची हद्दवाढसुद्धा अशीच अडणार. आपण राहतो त्या नेदरलँड्समध्ये ६ एप्रिल २०१६ च्या जनमतात काय झालं ते आठवा. प्रश्न युक्रेनच्या सदस्यत्वाचा नव्हताच, नुसत्या सहकार्य कराराचा होता. ३२ टक्के लोक मतदानाला गेले, त्यातले ६१ टक्के 'नाही' म्हणाले. ३० टक्क्यांच्या खाली मतदान राहिलं तर निकाल बाद, म्हणून होकारवाले काही जण मुद्दाम घरी बसले होते. बसा आता!

प्रेषक: कागलची वहिनी, हेग

भाऊजी, चहा चांगला असेल, पण उपमा चुकली.

हद्दवाढीत बाहेरचे 'नको' म्हणतात. युरोपात बाहेरचे रांगेत उभे आहेत आणि आतले खळखळ करतायत. तुर्कस्तानचा अर्ज १९८७ चा आहे! उत्तर मॅसेडोनियानं ग्रीसच्या हट्टापायी २०१९ मध्ये देशाचं नाव बदललं, तर पुढच्या वर्षी बल्गेरिया आडवा आला. तुमच्या पाचगावाशी जुळणारा एकच देश मला दिसतो, नॉर्वे. १९७२ आणि १९९४, दोन्ही वेळा तिथल्या लोकांनीच मतदान करून 'नको' सांगितलं. युरोपची बाजारपेठ मात्र वापरतात, त्यासाठी पैसे भरतात, बाजाराचे नियमही पाळतात. फक्त ठरवणाऱ्यांच्या बैठकीत खुर्ची नाही.

बाकी सगळं प्रकरण हद्दवाढीचं नाही, सहकारी साखर कारखान्याचं आहे. आमचे सासरे जुने सभासद. 'वाढीव सभासद', म्हणजे नव्यानं भरती केलेले, हे दोन शब्द कानावर पडले की हातातली बशी खाली ठेवतात. नवीन माणूस वाईट असतो म्हणून नव्हे हो. उसाच्या तोडीचा नंबर मागं जाईल, सवलतीच्या साखरेत वाटेकरी येतील, आणि मुख्य म्हणजे निवडणुकीत ही मतं कुणाच्या पॅनेलला जाणार? युरोपातल्या माणसाला विचारा, हेच तीन प्रश्न निघतील: कामधंदा, अनुदान, मत. २००४ मध्ये एका दिवशी दहा देश आत घेतले, पण पूर्वेकडच्या आठांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडलं ते ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननंच. जर्मनी, ऑस्ट्रियानं २०११ पर्यंत थांबवलं. म्हणजे सभासद केलं, तोडीचा नंबर सात वर्षांनी!

आणि गंमत पुढंच आहे. त्या दहांतला पोलंड. २०२३ मध्ये युक्रेनचं स्वस्त धान्य आलं तेव्हा आयातबंदी घालणाऱ्यांत तोच, आणि पुढच्या वर्षी सीमेवर ट्रॅक्टर आडवे लावणारे शेतकरी त्याचेच. कालचा वाढीव सभासद आज जुना झाला. सासऱ्यांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय नवल?"

प्रेषक: सचिव

वहिनींचा कारखाना मान्य. दोन गोष्टी जोडतो.

२०२५ च्या युरोबॅरोमीटर, म्हणजे युरोपीय संघाच्या जनमत पाहणीत ५६ टक्के लोक विस्ताराच्या बाजूचे निघाले. पण सरासरीवर जाऊ नका. इथं बहुमतानं ठराव होत नाही. २७ च्या २७ देशांनी हो म्हणावं लागतं, आणि त्या पाहणीत फ्रान्स, ऑस्ट्रिया, चेक ही मंडळी तळाला होती. त्यात फ्रान्सच्या राज्यघटनेनुसार नव्या देशाला घ्यायचं तर जनमत घ्यावं लागतं, नाहीतर संसदेत तीन पंचमांश मतं. क्रोएशिया २०१३ मध्ये आला, त्यानंतर आत कुणीच आलेलं नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोल्डोव्हात युरोपीय संघात जाण्यावर जनमत झालं, बाजूनं जेमतेम ५०.३५ टक्के मतं पडली. मोजणीत बराच वेळ नकार पुढं होता. परदेशात राहणाऱ्यांची मतं मोजली आणि पारडं फिरलं. गावाकडच्यांनी 'तुम्ही तिकडं बसून आमचं ठरवता' म्हटलं असेल का, एवढं मात्र पाचगावकरांनी गाड्यावर विचारून यावं.

प्रेषक: पाचगावकर

वहिनी, हरलो. तुमचा मेल गाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. साखर कारखान्यापाशी दोघांचं जुंपलं, ते बाजूला ठेवतो. काकांचा प्रश्नही विचारला. "तुमचं मत हितल्या यादीत हाय का?" एवढंच उलटं विचारलं, मी गप्प.

चहावाला मात्र नॉर्वेवर अडकला. दोनदा वाचायला लावलं. मग गाळणी आपटत म्हणाला, "म्हंजी आमच्यागत शहराच्या केएमटी बसनं फिरतोय की ह्यो नॉर्वे. पर त्यो बाकीचं पैसंबी भरतोय म्हनता?"

भरतो म्हटलं.

"मग त्येचं नाव हितं काढू नका."