सरकारीत बाळंत व्हायचं की खाजगीत? (आणि मध्येच तिलारी धरण)

म्हापशाचा नवबाप: फुकटचा सल्ला देतो. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, खाजगीतच जा. सरकारीत गुरांसारखं वागवतात. आम्हाला वेगळी खोली, एसी, डॉक्टरीण दिवसातून दोनदा. शेवटच्या सोनोग्राफीत मानेभोवती नाळ दिसली, लगेच सिझर. सगळं कसं नीट झालं.

डिचोलीची सून: "सगळं कसं नीट" वाचलं आणि राहवलं नाही. पोट कापलं ते बायकोचं, तुझं नव्हे. तिला विचारलंस? मानेभोवती नाळ तीन-चार बाळांमागे एकाच्या असते, बहुतेक सुखरूप येतात. माझ्या थोरल्याला दोन वेढे होते. सिस्टरने बोटाने सोडवले, तेही सरकारीत. खाटेवरची चादर फाटकी होती, हे खरं.
धाकटीच्या वेळी शहाणपणा करून खाजगीत गेले. पाच वाजेपर्यंत "छान चाललंय", साडेपाचला "पाणी कमी झालंय, इथे सही करा". सासूबाई पेन शोधत होत्या, मी कळा देत होते. कळांची वाट बघत रात्रभर बसायला वेळ लागतो, सिझरला तासभर पुरतो. एवढंच गणित आहे.
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघ. २०१५-१६ ला गोव्यात शंभरात ३१ सिझर, २०१९-२१ ला ३९.५. तेवढ्यात गोयकारणींच्या कंबरा अरुंद झाल्या काय?

म्हापशाचा नवबाप: त्या ३९.५ मध्ये सरकारीतली सिझरं धरलेली नाहीत का? मग खाजगीलाच शिव्या का?

डिचोलीची सून: बरं बाबा, एक मुद्दा दिला तुला. ठेव जपून. पण २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशभराचा हिशेब खाजगीत शंभरात ४७, सरकारीत १४ होता.

निवृत्त सिस्टर: ओरडतो आम्ही, कबूल. तीन खाटांवर तिघी एकदम कळा देतात आणि सिस्टर एकच असते. आणि सिझर वाढली त्यात डॉक्टरच दोषी नाहीत. वय, साखर, आधीचं सिझर, सगळं आलं. पंचांग बघून मुहूर्त आणणाऱ्याही मी पाहिल्यात.

फोंड्याची: आवाज वेगळा, हात उगारणं वेगळं. माझ्या बहिणीच्या मांडीवर चापट मारून "तेव्हा मजा वाटली ना?" म्हणाल्या होत्या. सरकारीतच. टाके घालताना भूलही नीट नव्हती. सरकारी बाळंतपणं सुधारायच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबत एक बाईमाणूस ठेवायला सांगितलंय, तरी आईला दाराबाहेर बसवलं. अजून बहीण दुसऱ्या मुलाचं नाव काढू देत नाही.

निवृत्त सिस्टर: याला माझ्याकडे उत्तर नाही.

पेडणेकर: पण गर्दी कोणामुळे होते ते बोला की. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, महाराष्ट्रातली सगळी वरात बांबोळीला, आमच्या गोवा मेडिकल कॉलेजात. आमच्या बायकांना खाट मिळायची कशी?

दोडामार्गची लेक: वरात? माझं सासर साखळी, गोव्यातलंच. सातव्यात ओटी भरून पहिल्या बाळंतपणाला माहेरी तुम्हीच पाठवता, आणि कळा सुरू झाल्या की मी बाहेरची? मध्यरात्री रुग्णवाहिका बांबोळीकडे नाही वळवायची तर कुठे, मुंबईला? २०१८ पासून परराज्यातल्यांना पैसे लावलेत, ते पुरे नाहीत?

पेडणेकर: गोव्याच्या पैशावर चालतं ते. महाराष्ट्राने स्वतःचं उभारावं.

दोडामार्गची लेक: तिलारीचं पाणी पिताना ते महाराष्ट्राचं आहे हे आठवत नाही वाटतं.

पेडणेकर: धरणाच्या खर्चात गोव्याचा वाटा मोठा आहे. फुकट पीत नाही आम्ही.

दोडामार्गची लेक: आणि धरणाखाली गेलेली गावं? ती कोणाच्या वाट्यात धरलीत? माझ्या आजोळचं घर पाण्यात आहे. तुमच्या नळाला ते येतं रोज.

डिचोलीची सून: अगं बाई, शांत हो, ओली बाळंतीण ना तू?

दोडामार्गची लेक: पोरगी पाच वर्षांची झाली! आणि बांबोळीतल्या सिस्टरांबद्दल मी चकार वाईट शब्द काढलेला नाही. पाय दाबून दिले होते एकीने.

निवृत्त सिस्टर: धागा बाळंतपणाचा आहे की धरणाचा?

म्हापशाचा नवबाप: बायकोला विचारलं. म्हणाली, "टाके तू सोसलेस? खोकला आला की उशी धरून बसते ते दिसत नाही?" पोस्ट काढत नाही, पण "सगळं नीट" हे शब्द मागे घेतो. एसी चांगला होता, यावर ठाम आहे. पुढच्या खेपेला नॉर्मल बघू.

निवृत्त सिस्टर: पुढच्या खेपेला बहुतेक ठिकाणी सिझरच सांगतील, बाबा. नॉर्मल करून बघणारा डॉक्टर आतापासूनच शोध.

पेडणेकर: तिलारीचा कालवा फुटतो तेव्हा आमचे नळ कोरडे पडतात, ते कोण बोलणार?