दुरुस्तीला आलेल्या धाब्याच्या घरासाठी किती रक्कम सांगावी?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. अमळनेरच्या जुन्या गावात, बोरी नदीपासून तीन गल्ल्या आत, एक घर विकत घेण्याचा आमचा विचार चालू आहे. जागा १८ फूट रुंद आणि ६० फूट खोल, म्हणजे १,०८० चौरस फूट आहे. पुढच्या भागावर धाबे (तुळयांवरचे मातीचे सपाट छत) असून ते सुमारे ४०० चौरस फूट भरते, मागच्या खोल्यांवर पत्रे आहेत आणि परसात जुने शौचालय आहे. जोते काळ्या दगडाचे, भिंती मातीच्या, खांब आणि तुळया सागवानी. घर सहा वर्षांपासून बंद आहे.

मालक २४ लाख म्हणतात. याच गल्लीत जवळपास याच मापाचे, नीट दुरुस्त केलेले घर गेल्या वर्षी ३१ लाखांना गेले, हे मला घेणाऱ्याकडूनच कळले. ओळखीच्या मिस्तरींनी घर पाहून दुरुस्तीचा खर्च ६ लाख सांगितला. घरची मंडळी म्हणतात, २४ मधून दोन लाख कमी करा आणि सौदा उरकून टाका. मला ही पद्धत पटत नाही, पण तिच्याऐवजी कोणता हिशेब धरावा हेही सुचत नाही. मालक आमच्या वडिलांच्या ओळखीचे असल्यामुळे फार कमी आकडा सांगून त्यांना दुखवायचे नाही, आणि सगळा पैसा खरेदीतच घालून पुढे गळक्या घरात राहण्याची वेळही आणायची नाही. घर आम्हाला राहण्यासाठीच हवे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तापीतीर (भुसावळ)

दादा, बांधकामांच्या देखरेखीत माझी ३० वर्षे गेली, त्या आधारावर लिहितो. तुमची शंका रास्त आहे. मालकाच्या आकड्यातून वजाबाकी करू नका, कारण तो आकडा त्यांच्या गरजेतून आणि अपेक्षेतून आलेला असतो, घराच्या स्थितीशी त्याचा संबंध असेलच असे नाही. घर नीट झाल्यावर त्याची जी किंमत होईल तिथून सुरुवात करा आणि उलटे या. तुमच्याकडे ३१ लाखांचा ताजा आणि खात्रीचा दाखला आहे, तोच पाया धरा.

मिस्तरींच्या ६ लाखांत काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, ते आधी विचारा. बहुतेक वेळा त्या आकड्यात भिंती, छत आणि फरशी असते, पण विजेची नवी वायरिंग, नळ, सांडपाण्याची वाट आणि नवे शौचालय नसते. त्यासाठी साधारण १.९ लाख धरा. धाब्याची माती काढून टाकणे हा खर्च तर हमखास विसरला जातो. धाबे गळू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी वर मातीचा नवा थर दिला जातो आणि जुना कोणी काढत नाही, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांत जाडी फुटाच्या वर गेलेली दिसते. दाबून बसलेली कोरडी माती घनफुटाला सुमारे ४५ किलो भरते. तुमच्या ४०० चौरस फुटांवर एक फूट थर असेल तर ती ४ ब्रास (४०० घनफूट) माती झाली, आणि सुमारे १८ टन वजन त्या तुळया आज पेलत आहेत. पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. गल्लीत ट्रॉली शिरत नसेल तर ही सगळी माती घमेल्यांनी किंवा गाढवांवरून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावी लागेल. याचे ६० हजार धरा.

म्हणजे खरा अंदाज ८.५ लाखांचा झाला. बंद घराच्या दुरुस्तीत न दिसलेल्या गोष्टी निघतातच, म्हणून त्यावर चौथा हिस्सा, म्हणजे २.१ लाख वेगळे ठेवा. खरेदीचा खर्च १.४ लाख आणि काम चालू असताना आठ महिन्यांचे घरभाडे ६० हजार. एकूण १२.६ लाख होतात. ३१ मधून ते वजा केले की १८.४ लाख उरतात. ही तुमची शेवटची मर्यादा, पहिला आकडा नव्हे. पहिला आकडा मी १६.५ लाख सांगेन आणि सोबत हा हिशेब कागदावर मांडून देईन. ओळखीच्या माणसाला कमी आकडा जितका लागत नाही, तितका कारण न सांगता दिलेला आकडा लागतो.

एक गोष्ट उन्हाळा संपण्याआधी करा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायाशी जोडलेल्या भेगा एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत रुंद दिसतात. भेग जोत्यापासून तिरकी वर चढत असेल तर पाया हलतो आहे असे समजा. फक्त गिलाव्याला बारीक भेगांचे जाळे पडले असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

चोपड्याची सून

तापीतीर काकांचा हिशेब बरोबर आहे, पण न दिसलेल्या गोष्टींसाठी पैसे वेगळे ठेवण्याआधी त्यांतल्या जितक्या पाहता येतील तितक्या पाहून घ्या, असे मी कळकळीने सांगेन. आम्ही चार वर्षांपूर्वी चोपड्यात असेच घर घेतले. ज्यांच्याकडून अंदाज घेतला होता त्यांनी ओसरीत उभे राहून दहा मिनिटांत आकडा सांगितला आणि आम्ही त्यावर विसंबून सौदा केला. काम सुरू झाल्यावर दुसऱ्या एका वयस्कर मिस्तरींनी माजघराच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली, थोडे थांबले, पुन्हा वाजवून पाहिले आणि म्हणाले, "ताई, हाई भित पोकय शे." म्हणजे ही भिंत पोकळ आहे. गिलावा काढला तर आत उधईने चौकटीपासून तुळईच्या टोकापर्यंत वाट केलेली होती, तुळई बाहेरून गुळगुळीत दिसत होती आणि भिंतीत गेलेले तिचे टोक हाताने चुरत होते. त्या एका भिंतीला आणि तुळईला आम्हाला दीड लाख रुपये लागले.

तेव्हा मालकांची परवानगी घेऊन, चांगल्या मिस्तरींना एक दिवसाची मजुरी देऊन, तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथला गिलावा दोन-तीन ठिकाणी वीतभर काढून पाहा. टोकाशी सळई टोचा. शेजारच्या घराची भिंत सामाईक आहे की स्वतंत्र, हेही कागदावर पाहा आणि शेजाऱ्यांनाही विचारा, कारण सामाईक भिंत तुम्हाला एकट्याला पाडता येत नाही. आणि सौदापावतीत खांब, तुळया, कपाटे आणि दाराची कोरीव चौकट घरासोबतच मिळेल असे स्पष्ट लिहून घ्या. जुन्या सागवानाला आणि कोरीव कामाला वेगळे गिऱ्हाईक असते. सौदा आणि खरेदीखत यांच्या मधल्या काळात चौकटी निघून गेल्याचे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे.

धाब्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. तुळया निरोगी निघाल्या तर सगळे काढून स्लॅब टाकण्याची घाई करू नका. आम्ही जुनी माती उतरवली, कडीपाट (छताच्या कड्या आणि फळ्या) साफ केला, कुजलेल्या फळ्या बदलल्या आणि वर पाणी न झिरपणारा पातळ थर दिला. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना त्या खोलीत दुपारी झोप लागते. शेजारच्या स्लॅबच्या घरात रात्री दहा वाजताही छत तापलेले असते. खर्चही स्लॅबपेक्षा कमी आला.

कागदपत्र (धुळे)

मी वकिली करतो. आकडा ठरवताना एक बाजू राहून गेली आहे, ती मांडतो.

शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरनुसार, या घराचे मूल्य किती येते ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी काढून घ्या. सौदा त्यापेक्षा कमी रकमेत झाला तरी मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावरच द्यावे लागते. शिवाय ते मूल्य सौद्याच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक आणि ५० हजारांहून अधिक जास्त असेल, तर आयकर कायद्यानुसार पूर्ण फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. समजा मूल्य २०.२ लाख आले आणि तुम्ही १६.५ लाखांना घर घेतले, तर ३.७ लाखांवर तुम्हाला कर बसेल. तीच खरेदी १८.४ लाखांना झाली तर फरक १.८ लाखांचा राहतो आणि तो १० टक्क्यांच्या आत बसतो. म्हणून स्वस्तात मिळालेले घर दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. मात्र मूल्यांकन करताना बांधकामाचा प्रकार आणि वय बरोबर धरले आहे का, ते तपासा. मातीच्या जुन्या घराला आरसीसीचा दर लावला गेला असेल तर आकडा विनाकारण फुगतो. त्यानंतरही मूल्य अवास्तव वाटले तर दस्त नोंदवण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे योग्य शुल्क ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो.

मालमत्ता पत्रकावर किती नावे आहेत ते पाहा. घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही हिस्सा असतो. एका भावाने ठरवलेल्या किमतीला अर्थ नाही, सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. या घराच्या मागच्या किमान ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घ्या. विसाराची, म्हणजे सौद्याच्या वेळी आगाऊ द्यायची, रक्कम बँकेमार्फतच द्या. २० हजार किंवा त्याहून अधिक विसार रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे. खरेदी घरातील स्त्रीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तीही हिशेबात धरा.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या सल्ल्यानुसार तीन आठवड्यांत जे केले ते सांगतो.

मालकांनी परवानगी दिली. तीन ठिकाणी गिलावा काढून पाहिला. दोन तुळयांची टोके घट्ट निघाली, तिसरीत सळई चार बोटे आत गेली, आणि त्याच बाजूची भिंत वाजवल्यावर पोकळ बोलली. त्यामुळे दुरुस्तीचा अंदाज ८.५ वरून ९.८ लाखांवर गेला. बरेचसे डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे अनिश्चिततेसाठी आता पाचवा हिस्सा, म्हणजे २ लाख धरले. खरेदीखर्च आणि भाडे मिळवून आमची मर्यादा १७.२ लाख ठरली. भेगा तिरक्या नाहीत, जोते सरळ आहे. मूल्यांकनात खरोखरच आरसीसीचा दर धरला होता; मातीच्या भिंती आणि वय धरून ते १८.१ लाख आले, त्यामुळे १६.५ लाखांचा आकडाही आता १० टक्क्यांच्या आत बसतो.

हा सगळा हिशेब एका कागदावर लिहून काल मालकांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, तिसऱ्या तुळईविषयी विचारले आणि स्वतः जाऊन ती पाहून आले. रागावले नाहीत. मात्र मालमत्ता पत्रकावर तीन भावांसोबत एका बहिणीचेही नाव आहे आणि ती सुरतला असते. ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणार आहे. तेव्हा चौघे एकत्र बसतील आणि त्याच वेळी आम्हाला बोलावतील, असे ठरले आहे.